भाड्याचं घर आणि पार्किंगचे पैसे : कोणी द्यायचे, किती आणि कोणाला?

घर मिळालं, डिपॉझिट दिलं, सामान वर चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन दारात उभा. "सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय, गाडीचे महिन्याला दीड हजार, आणि स्टिकरचे दोन हजार वेगळे. नाहीतर गाडी बाहेर लावा." घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "पार्किंग आहे ना, काळजीच करू नका." मालकाला फोन लावला तर तो म्हणतो, "ते तुम्ही सोसायटीशी बघून घ्या." सोसायटीत गेलं तर उत्तर मिळतं, "आम्ही तुम्हाला ओळखत नाही, मालकाला पाठवा."

मीरा रोड, मुंब्रा, कुर्ला, कोंढवा, कुठूनही असो, ही तक्रार आमच्यापर्यंत येते ती बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर. कारण सगळ्यांना माहीत आहे. नाव ऐकल्यावर "फ्लॅट आत्ताच गेला" म्हणणारे चार एजंट मागे टाकून पाचव्या ठिकाणी घर मिळालेलं असतं. मुलांची ॲडमिशन झालेली असते. आता दीड हजारासाठी कशाला तोंड वाईट करायचं, असं घरातली मोठी माणसं सांगतात. आम्ही कोणाला दोष देत नाही. पण महिन्याला १,५०० म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात १६,५०० रुपये होतात. पैसे द्यायचेच असतील तरी ते कशाचे देतोय आणि खरोखर देणं लागतो का, एवढं तरी माहीत असावं. भांडण न करता विचारता येतील असे प्रश्न पुष्कळ आहेत.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांबद्दल आहे. पुण्याकडे बऱ्याच इमारती 'अपार्टमेंट' म्हणून १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली असतात. त्यांचे नियम त्यांच्या घोषणापत्रात आणि उपविधींत बघावे लागतात. ज्या इमारतीत सोसायटीच नाही, त्यांच्याबद्दल शेवटी बोलू.

हे देणं मुळात कोणाचं?

सोसायटीचा सभासद म्हणजे फ्लॅटचा मालक. सोसायटीचं बिल निघतं त्याच्या नावाने, पार्किंगचं वाटप होतं त्याच्या नावाने आणि थकबाकी राहिली तर थकबाकीदार ठरतो तोही मालकच. भाडेकरूचा करार असतो मालकाशी. सोसायटीशी त्याचा काही करार नसतो. त्यामुळे पार्किंगच्या शुल्काचे दोन वेगळे हिशेब असतात : मालकाने सोसायटीला काय द्यायचं, हा एक. आणि भाडेकरूने मालकाला काय द्यायचं, हा दुसरा. पहिला ठरतो सोसायटीच्या उपविधींनी आणि ठरावाने, दुसरा ठरतो तुमच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने. सगळी गडबड हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्याने होते. वॉचमनच्या हातात रोख दीड हजार ठेवले की ते नेमके कोणत्या हिशेबात गेले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

सेक्रेटरी "मालकाला पाठवा" म्हणतो तेव्हा चिडू नका, तो बरोबर बोलतोय. फक्त मग पैसे मागायलाही त्याने मालकाकडेच जायला हवं.

जागा कोणाची?

बऱ्याच मालकांची समजूत असते की बिल्डरकडून पार्किंग "विकत घेतली", म्हणजे ती आता आपली मिळकत, वाटेल त्याला वाटेल त्या भावाने देऊ. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं की महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे इमारतीखालची स्टिल्ट पार्किंग हा सामाईक भाग आहे. ती 'गॅरेज' नाही आणि बिल्डरला ती फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही. पुढे रेरा कायदा आला. त्यातही उघड्यावरची पार्किंग विकायला परवानगी नाही. गॅरेज किंवा आच्छादित पार्किंग करारात दाखवून देता येते.

जुन्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला याचा अर्थ एवढाच की स्टिल्टमधली किंवा कंपाउंडमधली जागा बहुधा सोसायटीची असते. मालकाला ती वापरायला मिळालेली असते. आदर्श उपविधींप्रमाणे वाटप झालेली जागा सभासदाला विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून घर बघताना "पार्किंग आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. "ती तुमच्या नावाने वाटप झालेली आहे का? वाटपाचं पत्र किंवा बिलावर पार्किंगची ओळ दाखवाल का?" हेही विचारा. मेंटेनन्सच्या बिलावर 'पार्किंग शुल्क' अशी ओळ असेल तर जागा आहे. ओळच नसेल, तर एजंटने दिलेल्या शब्दाला काही किंमत नाही.

एक कटू गोष्टही सांगून ठेवतो. आदर्श उपविधी पार्किंगचा विचार सभासदाच्या गाडीभोवती करतात. साधारण नियम एका सभासदाला एक जागा. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप. मालकाकडे स्वतःची गाडी नाही, जागाही त्याच्या नावावर नाही, अशा वेळी "आम्ही भाडं भरतो, मग पार्किंग मिळालीच पाहिजे" असा हक्क भाडेकरूला आपोआप मिळत नाही. कमिटी नाही म्हणाली तर त्यात दरवेळी भेदभावच असेल असंही नाही. आधी विचारणं हाच त्यावर उपाय.

दर कोण ठरवतं?

पार्किंगचा दर ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. एकट्या सेक्रेटरीला, अध्यक्षाला किंवा कमिटीलाही तो नाही. सभेत ठराव होतो, तो इतिवृत्तात लिहिला जातो आणि मग तो दर बिलात येतो. जागा वाटप झालेली असेल तर तिथे गाडी लावा की न लावा, शुल्क द्यावंच लागतं. एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक जागेचं वेगळं. दुचाकीसाठी कमिटीची परवानगी लागते आणि तिचाही दर सभाच ठरवते.

आता 'भाडेकरू दर'. मालक राहत असेल तर ५०० आणि भाडेकरू असेल तर २,०००, असं अनेक ठिकाणी चालतं. आमच्या मते हा दर डोळे मिटून मान्य करू नये. दर असतो जागेचा. तीच जागा, तीच एक गाडी, मग फ्लॅटमध्ये कोण राहतं यावरून चौपट दर कसा, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटीला मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येतं. त्यावर राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातलेली आहे : सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा कायम ठेवली आहे. समजा, सेवा शुल्क महिन्याला २,००० रुपये आहे. मग बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त २०० रुपये. काही सोसायट्या या मर्यादेमुळे जे मिळत नाही ते 'भाडेकरू पार्किंग', 'स्टिकर फी', 'विकास निधी' अशा नावांनी वसूल करतात. नाव बदललं तरी भाडेकरू ठेवल्याबद्दलच पैसे घेतले जात असतील, तर मालकाला त्यावर हरकत घेता येते.

आपल्याकडच्या अनेक घरांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. भाऊ सौदीला किंवा दुबईला, त्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये अम्मी-अब्बा किंवा दुसरा भाऊ राहतोय, अशा वेळी ते 'भाडेकरू' नाहीत. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, नातवंडं यांच्यासारखे जवळचे नातेवाईक राहत असतील तर २००१ च्या त्याच आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क लागत नाही. तरीही बिलात ते येत असेल तर नातं सांगणारं साधं पत्र भावाच्या सहीने सोसायटीला द्या. परदेशातून सही करून स्कॅन पाठवली तरी सुरुवातीला पुरते.

करारात काय लिहून घ्यायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. छापील करारात पार्किंगची ओळ बहुतेक वेळा नसतेच. एजंट म्हणतो, "ते तोंडी झालंय ना." तोंडी झालेलं सहाव्या महिन्यात कोणाला आठवत नाही. खालच्यासारखा मजकूर करारात घालायला सांगा :

"सदर सदनिकेसोबत स्टिल्टमधील पार्किंग क्रमांक (अमुक) ही जागा भाडेकरूच्या एका चारचाकी वाहनासाठी करार संपेपर्यंत वापरण्यास दिली आहे. ही जागा सोसायटीने मालकाच्या नावे वाटप केलेली आहे. तिचे सोसायटीचे शुल्क, सध्याच्या दराने दरमहा (अमुक) रुपये, मालक भरेल व ते भाड्यात समाविष्ट आहे. मुदतीत दर वाढल्यास वाढीव रक्कम मालक भरेल. कोणत्याही कारणाने ही जागा वापरता आली नाही, तर त्या काळापुरते भाडे दरमहा (अमुक) रुपयांनी कमी होईल."

शेवटचं वाक्य मालकाला आवडणार नाही. पण तेच सगळ्यात कामाचं आहे. ते असलं की सोसायटीशी बोलायला मालक स्वतःहून जातो. शुल्क तुम्ही भरायचं ठरलं तरी हरकत नाही, फक्त रक्कम लिहा आणि "सोसायटीच्या बिलाप्रमाणे" हे शब्द घाला. स्टिकर, गेटचा रिमोट, टॅग यांचे एकदाच द्यायचे पैसे कोणाचे, तेही लिहा.

आणि करार नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात भाडेकरूच्या बाजूची एक तरतूद आहे : नोंदणीकृत लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक "पार्किंगचं आपलं काही ठरलंच नव्हतं" म्हणत असेल आणि करारही त्याने नोंदवलेला नसेल, तर ही तरतूद त्याला शांतपणे वाचून दाखवावी. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सोसायटीची एनओसी लागेल, तिचे पैसे लागतील, असंही सांगितलं जातं. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. मालकाने आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यायची. त्याच पत्रात तुमच्या गाडीचा नंबर आणि आरसीची झेरॉक्स जोडली की पुढे गेटवर अडवणूक कमी होते.

वाद सुरू झालाच तर

आमच्याच टीममधल्या एका सहकाऱ्याची गोष्ट. चार महिने तो २,००० रुपये देत होता. पैसे जात होते सेक्रेटरीच्या स्वतःच्या गुगल पे नंबरवर. पावती नाही. एकदा शेजारच्या मालकाचं बिल सहज बघायला मिळालं, त्यात पार्किंग ५०० रुपये. त्याने घरमालकाला सांगितलं. घरमालक टाळाटाळ करायला लागला, त्याला सोसायटीशी वाकडं घ्यायचं नव्हतं. शेवटी सहकाऱ्याने पत्र स्वतः टाइप केलं आणि मालकाकडे फक्त सही मागितली. पत्रात आरोप एकही नव्हता :

"आमच्या सदनिकेच्या पार्किंगसाठी दरमहा २,००० रुपये मागितले जात आहेत. हा दर ज्या सर्वसाधारण सभेत ठरला तिची तारीख व ठरावाची प्रत कृपया द्यावी. तोपर्यंत आम्ही बिलातील दराने, हरकत राखून, रक्कम सोसायटीच्या बँक खात्यात भरत आहोत."

ठराव निघाला तो असा : पहिल्या गाडीला ५००, दुसऱ्या गाडीला १,५००. भाडेकरूंचा वेगळा दर सभेत कधी ठरलाच नव्हता. पुढच्या महिन्यापासून ५०० झाले. आधीचे जास्तीचे ६,००० रुपये मात्र आजपर्यंत परत आलेले नाहीत, आणि पावती नसल्याने त्याने नादही सोडला.

या प्रसंगातून करण्यासारखं एवढंच : पैसे सोसायटीच्या खात्यातच भरा, फ्लॅट नंबर टाकून. पावती मालकाच्या नावाची असली तरी चालेल, पण हवीच. रक्कम पूर्ण थांबवू नका, नाहीतर मालक थकबाकीदार ठरतो आणि राग तुमच्यावर निघतो. मालकाशी जे बोलणं होईल ते फोननंतर व्हॉट्सॲपवर दोन ओळीत लिहून पाठवा : "आत्ता बोलल्याप्रमाणे पार्किंगचे पैसे तुम्ही भरणार आहात."

सोसायटी ऐकत नसेल तर पुढचा रस्ता मालकाचा आहे, कारण सभासद तो. आधी कमिटीकडे लेखी तक्रार, मग आपल्या भागातल्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयाकडे, आणि वाद तसाच राहिला तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. भाडेकरूचा दावा बहुतांश मालकाशी राहतो, करारातल्या त्या ओळीच्या आधारे.

साखळी, हवा काढणं आणि दंड

गाडीच्या चाकाला साखळी घातली, हवा काढली, काचेवर न निघणारा कागद चिकटवला, असे फोटो आम्हाला येतात. नियम मोडला तर सोसायटी दंड करू शकते, पण त्याची पद्धत ठरलेली आहे : आधी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं ऐकून घेणं, आणि मग सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने दंड. आदर्श उपविधींप्रमाणे तो आर्थिक वर्षात ५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. हा दंडही सभासदावर होतो. साखळी घालण्याचा अधिकार या उपविधींत कुठेच नाही. सार्वजनिक रस्त्यावरून गाडी उचलण्याचे अधिकार वाहतूक पोलिसांचे. ते वॉचमनला मिळत नाहीत.

कोणी मुद्दाम टायर फाडला, काच फोडली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ नुकसान करण्याच्या गुन्ह्यासाठी आहे, पोलिसांत जाता येतं. पण साखळी दिसली की लगेच शंभर नंबर फिरवू नका. आधी फोटो काढा, तारीख-वेळ येईल असे. मालकाला पाठवा. सेक्रेटरीला लेखी विचारा, कोणत्या ठरावाने? आणि आपण खरंच दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली होती का, हेही प्रामाणिकपणे बघा. रात्री उशिरा येऊन शेजाऱ्याच्या पट्ट्यात गाडी घुसवायची आणि सकाळी हक्काची भाषा करायची, हे आपल्याकडेही होतं.

रिक्षा, टेम्पो आणि ईदचे पाहुणे

ज्यांचं पोटच रिक्षा, टॅक्सी किंवा छोट्या टेम्पोवर आहे त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. अनेक सोसायट्या व्यावसायिक वाहन आत घेत नाहीत. तसा सभेचा ठराव असेल तर भाडेकरूला नंतर फार काही करता येत नाही. म्हणून टोकन देण्याआधीच गाडी कोणती ते स्पष्ट सांगा, आणि करारात 'चारचाकी'ऐवजी "भाडेकरूची तीनचाकी ऑटोरिक्षा" असं लिहून घ्या. लपवून घर घेतलं तर तिसऱ्या दिवशी गेटवर वाद होतो.

ईद, निकाह, अकीका अशा दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांवरून दरवर्षी तंटे होतात. पाहुण्यांसाठी जागा आहे का, किती वेळ, पैसे किती, हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. तास-दोन तासांसाठी पाहुण्याकडून पैसे घेत असतील तर त्याचाही ठराव आणि पावती असायला हवी. शेजारी दिवाळीत ज्या नियमाने पाहुण्यांच्या गाड्या लावतात, तोच नियम आपल्याला लागू आहे. त्यापेक्षा जास्त मागू नये, कमीही घेऊ नये.

सोसायटीच नसेल तर

मुंब्रा, भिवंडी, नालासोपारा इथल्या बऱ्याच इमारतींत नोंदणीकृत सोसायटी नाही. 'कमिटी' नावाने दोन-चार माणसं किंवा बिल्डरचा माणूस पैसे गोळा करतो. वॉचमनचा पगार, पाण्याची मोटर, दिव्याचं बिल कोणीतरी भरायलाच हवं, म्हणून वर्गणी देणं योग्यच. पण उपविधी नसल्याने दंड वगैरेचा प्रश्नच येत नाही. इथे मालकाशी केलेला करार आणि हातातली पावती एवढंच तुमच्या बाजूने असतं. साध्या वहीत तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही ठेवली तरी पुरे.

गेटबाहेरच्या रस्त्यावर गाडी लावल्याचे पैसे इमारतीने मागितले तर देऊ नका. रस्ता महापालिकेचा. तिथे शुल्क घ्यायचंच असेल तर महापालिकेने नेमलेला ठेकेदार घेतो, फलक लावून आणि पावती देऊन.

घर सोडताना पार्किंगचे पैसे पुन्हा वर येतात, यावेळी डिपॉझिटमधून कापायला. शेवटच्या महिन्यात मालकाकडून सोसायटीचं ताजं बिल मागून घ्या. पार्किंगच्या ओळीत बाकी शून्य असल्याचा फोटो ठेवा, स्टिकर आणि रिमोट परत केल्याची सही घ्या, आणि चावी त्यानंतरच द्या.